पहिली दहा मिनिटे

म्हैसूर शहराच्या नैर्ऋत्येला कुवेंपुनगर ही मोठी निवासी वसाहत आहे. ज्ञानपीठ पुरस्काराचे पहिले कन्नड मानकरी आणि म्हैसूर विद्यापीठाचे एके काळचे कुलगुरू कु. वें. पुट्टप्प, म्हणजेच कुवेंपु, यांचे नाव तिला दिलेले आहे. माणसाची पहिली ओळख जात किंवा पंथ ही नसून निव्वळ माणूसपण ही होय, असा ‘विश्वमानवा’चा विचार त्यांनी जन्मभर मांडला. या वसाहतीच्या शेजारीच सरस्वतीपुरम् आहे आणि तेथे अग्निशमन केंद्र आहे. जवान रात्रंदिवस सज्ज असतात. वर्दी येताच बंब बाहेर पडतो.

आता अशी कल्पना करावी, की कुवेंपुनगरातील एखाद्या बागेत पहाटे फिरायला आलेले वृद्ध गृहस्थ चालता चालता कोसळले आणि त्यांची हृदयक्रिया बंद पडली. कोणीतरी १०८ क्रमांक फिरवतो. रुग्णवाहिका जेथे उभी असेल तेथून निघते. शेजारच्या अग्निशमन केंद्रातील घंटा मात्र वाजत नाही, कारण आग कोठेच लागलेली नाही. हाच प्रसंग अमेरिकेतील एखाद्या लहानशा गावात घडला असता, तर गावच्या किराणा दुकानदाराच्या, शाळामास्तरांच्या किंवा सुताराच्या कमरेचे यंत्र वाजले असते. ही मंडळी हातचे काम टाकून धावली असती, कारण ती गावच्या अग्निशमन दलाची स्वयंसेवक असतात. त्या देशातील अग्निशमन जवानांपैकी निम्म्याहून अधिक आजही असे बिनपगारी आहेत, आणि त्यांना येणाऱ्या वर्दींपैकी बहुसंख्य आगीच्या नसून आजारपणाच्या व अपघाताच्या असतात. आग विझवणारा माणूस रुग्णाच्या उशाशी कसा पोहोचला, आणि आपल्याकडे त्याच कामाने कोणते वेगळे वळण घेतले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्याचे काही महत्त्वाचे टप्पे म्हैसूरमध्येच सापडतात.

म्हैसूरला आगीची ओळख फार जुनी. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसोहळ्याच्या वेळी वाडियार राजघराण्याचा लाकडी राजवाडा जळून खाक झाला. त्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार दगड, वीट आणि लोखंड यांचा नवा राजवाडा उभा राहिला. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूवर ४१ लाखांहून अधिक रुपये खर्च झाले. दसऱ्याला सहस्रावधी दिव्यांनी उजळणारा हाच तो राजवाडा. आगीने शिकवलेला धडा असा दगडात लगेच उमटला. माणसांच्या हातांत उतरायला त्याला पुष्कळच काळ लागला.

जगातही आरंभी आगीचे काम आणि जखमींचे काम या दोन निराळ्या वाटा होत्या. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन केलेल्या युनियन फायर कंपनीच्या सभासदांना चामड्याच्या बादल्या आणि कापडी पिशव्या बाळगाव्या लागत. बादल्या पाण्यासाठी आणि पिशव्या जळत्या घरातील चीजवस्तू वाचवण्यासाठी! रुग्णसेवेचा त्यात विचार नव्हता. दुसरी वाट सुरू झाली ती इंग्लंडमध्ये. १८७८ मध्ये वुलिच येथे पीटर शेफर्ड या लष्करी शल्यचिकित्सकाने सामान्य नागरिकांसाठी जखमींच्या शुश्रूषेचे वर्ग घेतले. ‘प्रथमोपचार’ ही कल्पना आज ज्या अर्थाने आपण वापरतो, तो अर्थ तिला तेथे लाभला. पुढच्याच वर्षी शेफर्ड आफ्रिकेतील इसांडल्वानाच्या लढाईत मारले गेले. परंतु सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या द्वारे त्यांचे वर्ग साम्राज्यभर पसरले. भारतातही ते आले. त्रिकोणी पट्टी कशी बांधावी, मोडलेल्या हाडाला फळीचा आधार कसा द्यावा आणि रक्तस्राव कसा थांबवावा, याचे शिक्षण अनेक पिढ्यांनी त्याच परंपरेतून घेतले. शाळाशाळांतील बालवीर पथकांमधून ते मुलांपर्यंत पोहोचले. जुन्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना बुडालेल्या माणसाला पालथे घालून पाठीवर तालबद्ध दाब देण्याची ती पद्धतही आठवत असेल.

या दोन वाटा आपल्याकडे एकत्र आल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. हवाई हल्ल्याच्या भीतीने शहरोशहरी एआरपीची, म्हणजे हवाई हल्ला संरक्षणाची, पथके उभी राहिली. त्यांत कारकून होते, दुकानदार होते, महाविद्यालयीन तरुण होते. वाळूच्या बादल्या, हातपंप आणि स्ट्रेचर यांच्याशी त्यांची एकाच वेळी ओळख करून देण्यात आली, कारण बाँब पडल्यावर आग आणि जखमी एकदमच समोर येणार होते. शत्रूची विमाने मुंबईवर आली नाहीत. संकट आले ते समुद्रमार्गे, आणि मित्रराष्ट्राच्याच जहाजातून.

फोर्ट स्टिकिन हे ७,१४२ टनी मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, शिवाय सोन्याच्या विटा. वाटेत कराचीला त्यावर कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या आणि वंगणतेल चढवण्यात आले. कापूस, तेल आणि स्फोटके एकाच जहाजात! युद्धकाळाची निकड म्हणून हा धोका पत्करला गेला, असे समर्थन नंतर झाले; परंतु त्या समर्थनाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना कोणी विचारले नव्हते. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीला लागले. १४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर निघत असल्याचे कळले. बंब आले, अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः आले. ९०० टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. तरी आग नेमकी कोठे आहे हे सापडेना. पाणी उकळू लागले. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडून देण्याचा हुकूम झाला आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. गोदीवरील घड्याळ त्या क्षणी थांबले. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. चार वाजून चौतीस मिनिटांनी दुसरा, अधिक भयंकर स्फोट झाला.

या दोन स्फोटांमधील अठ्ठावीस मिनिटे इतिहासात फारशी पाहिली जात नाहीत. आणीबाणीच्या रुग्णसेवेच्या दृष्टीने मात्र तीच सर्वांत महत्त्वाची. पहिल्या स्फोटानंतर दूरचे लोक पळत होते. जवळचे, म्हणजे जवान, खलाशी आणि गोदीतील कामगार, आपल्या पडलेल्या सोबत्यांकडे वळत होते. दुसरा स्फोट अशा वळलेल्यांवर कोसळला. आज कोणत्याही प्रथमोपचार वर्गात पहिला नियम शिकवतात तो असा, की जखमीला हात लावण्यापूर्वी घटनास्थळ सुरक्षित आहे काय ते पाहावे. हा नियम ऐकताना विद्यार्थ्यांना थोडा कोरडा, थोडा स्वार्थीही वाटतो. व्हिक्टोरिया गोदीतील ती अठ्ठावीस मिनिटे ठाऊक असतील, तर तसा वाटणार नाही.

मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. एकूण मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. मांडवी आणि मशीद बंदर भागातील वखारी आणि चाळी दिवसचे दिवस जळत राहिल्या. सुमारे दीड किलोमीटर दूर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थांच्या व्हरांड्यात सोन्याची वीट येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारला परत केली, ही हकीकत मुंबईत आजही सांगितली जाते. जखमींना कोणाकोणाच्या हातांनी उचलले, त्यांची नावे मात्र तशी कोणाच्या ओठांवर राहिली नाहीत. १४ एप्रिल हा दिवस देशभर राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि भायखळ्याच्या मुख्यालयातील स्मारकापाशी त्या जवानांना मानवंदना दिली जाते. या घटनेला तीन वर्षेही झाली नव्हती, तोच ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने गृहरक्षक दल, म्हणजे होमगार्ड, स्थापन झाले. तात्कालिक कारण दंगलींचे होते. तरी ‘निष्काम सेवा’ हे ब्रीद धारण करणाऱ्या या स्वयंसेवकांना आग, पूर आणि प्रथमोपचार यांचेही शिक्षण मिळू लागले. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याने पुढे आणखी एक स्वयंसेवी फळी उभी केली. हात होते, ते कामाला तयारही होते. परंतु एका बाबतीत हे सारे हात असमर्थ होते: थांबलेले हृदय.

त्याचे कारण वैद्यकशास्त्राच्याच हाती १९६० पर्यंत त्यावर रस्त्यात करण्याजोगा उपाय नव्हता. हृदय बंद पडले तर शल्यचिकित्सकाने छाती उघडून ते हातात धरून दाबायचे, एवढाच मार्ग. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे विल्यम कावेनहोव्हन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर हे विजेच्या धक्क्याने हृदय पुन्हा चालू करण्याचे प्रयोग करत होते. यांतले कावेनहोव्हन तर डॉक्टरच नव्हते. ते विद्युत अभियंते होते. प्रयोगातील कुत्र्याच्या छातीवर जड विद्युतपट्ट्या दाबून ठेवताच, वीज सोडण्यापूर्वीच, रक्तदाब किंचित वर जातो हे निकरबॉकर यांच्या लक्षात आले. म्हणजे नुसत्या दाबाने रक्त फिरते! जुलै १९६० मध्ये या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील सार इतके साधे होते की कोणीही, कोठेही, केवळ दोन हातांनी ते करू शकेल. आजच्या शिकवणीनुसार मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या मध्यभागी, प्रौढ माणसाच्या बाबतीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब. ज्याला आपण सीपीआर म्हणतो तो हा. मदतीविना जाणारे प्रत्येक मिनिट रुग्णाच्या वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटवते. दहा मिनिटांनंतर हाती फारसे काही उरत नाही.

हे एकदा सिद्ध झाल्यावर प्रश्न वैद्यकाचा राहिला नाही, अंतराचा झाला. दहा मिनिटांच्या आत कोण पोहोचू शकतो? अमेरिकेतील सिॲटल शहरात डॉ. लिओनार्ड कॉब यांनी तेथील अग्निशमन प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांच्यासमवेत याचे उत्तर शोधले. शहरात पसरलेली अग्निशमन केंद्रे आधीपासूनच अशा रीतीने वसवलेली होती, की कोणत्याही घरी काही मिनिटांत पोहोचता यावे. मग १९७० मध्ये जवानांनाच प्रशिक्षण देऊन हृदयरुग्णांकडे धाडण्यात आले. बंबापूर्वीही शेजारी पोहोचतो हे ध्यानात घेऊन पुढे सामान्य नागरिकांना सीपीआर शिकवण्याची मोहीम निघाली. त्याआधी, १९६७ मध्ये, पिट्सबर्ग येथे डॉ. पीटर सेफर यांच्या मार्गदर्शनाने फ्रीडम हाऊस ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली होती. तिच्यातील बहुतेक जण कृष्णवर्णीय वस्तीतील बेरोजगार तरुण होते. शहराने ज्यांना कोणत्याच कामाला लायक मानले नव्हते, त्यांनी देशाला उपचार करणारी रुग्णवाहिका कशी असते ते दाखवून दिले.

भारतात मात्र हे ज्ञान दीर्घकाळ रुग्णालयाच्या दारातच थांबले. रस्त्यावरचा माणूस आणि ते दार यांच्यामध्ये आणखी एक अडसर होता, तो कायद्याच्या भीतीचा. त्याचे दर्शन १९८९ या एकाच वर्षी दोन प्रकारे घडले.

८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण चालू असताना आग लागली. भिंतींना गोणपाटाची आच्छादने, प्रचंड दिव्यांची उष्णता, सैल वायरिंग आणि हवा जायला मार्ग नाही, अशी स्थिती होती. आग विझवण्याची पुरेशी साधने नसल्याने जवळ होती ती वाळू आणि पाणी वापरावे लागले. या दुर्घटनेत ६२ जणांचा मृत्यू झाल्याचे सांगितले जाते. मालिकेचे निर्माते-नायक संजय खान गंभीर भाजले. तेरा महिने रुग्णालयात आणि सत्तरहून अधिक शस्त्रक्रिया, असे त्यांचे पुढचे आयुष्य गेले. प्रत्येक मृताच्या कुटुंबाला देऊ केलेली रक्कम होती पाच हजार रुपये. भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत पहिल्या काही मिनिटांतले उपचार अगदी साधे असतात. धग शमवायची, वाहत्या थंड पाण्याची धार वीसेक मिनिटे धरायची आणि स्वच्छ कापडाने झाकायचे. तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावायचे नाही. आपल्या घराघरांत नेमके उलटे करण्याची रीत होती, आणि ती पूर्णपणे गेली आहे असे आजही म्हणवत नाही.

त्याच वर्षी २८ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्याचा निकाल दिला. वाहनाची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही. पोलीस प्रकरण हाताळण्याची परवानगी असलेल्या दूरच्या रुग्णालयाकडे त्याला पाठवले गेले आणि वाटेतच त्याचा मृत्यू झाला. प्राण वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत, असे न्यायालयाने ठणकावले. डॉक्टरांचे कर्तव्य असे निश्चित झाले. रुग्णाला उचलून आणणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र आणखी सत्तावीस वर्षे जायची होती.

मधल्या काळात वाहने आली. ‘१०८’ सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली. कर्नाटकात ती १ नोव्हेंबर २००८ पासून ‘आरोग्य कवच’ या नावाने धावू लागली, आणि महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांसह. या सेवेचे मोल कोणी नाकारणार नाही. खेड्यापाड्यांतील बाळंतिणींना तर ती वरदानच ठरली. परंतु रुग्णवाहिका कितीही झाल्या तरी त्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहू शकत नाहीत. कर्नाटक आणि गोवा या राज्यांच्या अग्निशमन खात्यांच्या नावांत आता ‘आपत्कालीन सेवा’ हे शब्द आले आहेत. पूर, इमारत कोसळणे, विहिरीत पडलेला माणूस, रस्ते अपघात अशा प्रसंगी हे जवान जातातही. बागेत कोसळलेल्या वृद्धासाठी मात्र त्यांची घंटा अद्याप वाजत नाही.

१६ फेब्रुवारी २०१६ रोजी बंगळूरजवळ महामार्गावर हरीश नंजप्पा या तरुणाचा मालमोटारीखाली सापडून भीषण अपघात झाला. शरीराचे दोन भाग झालेल्या त्या अवस्थेत त्याने मदतीला आलेल्यांना आपले अवयव दान करण्यास सांगितले. त्याचे नेत्रदान झाले. कर्नाटक सरकारने त्याच्या नावाने अपघातग्रस्तांना पहिल्या ४८ तासांत मोफत उपचार देणारी योजना सुरू केली. त्याच वर्षी ३० मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्या नागरिकाला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. नाव सांगण्याची सक्ती नाही, रुग्णालयात अडवून ठेवणे नाही, पैशांची मागणी नाही. तरी जानेवारी २०१७ मध्ये म्हैसूरच्या हद्दीत एका पोलीस निरीक्षकाच्या जीपला अपघात झाला तेव्हा, जखमी आत अडकलेले असताना जमलेल्यांपैकी काही जण मोबाईलवर चित्रण करत राहिले, अशा बातम्या आल्या. विश्वमानवाच्या कवीच्या कर्मभूमीत हे घडावे, याची खंत अनेकांनी व्यक्त केली. खंत योग्यच होती. परंतु त्या गर्दीला निर्दय म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. मान दुखावलेल्या माणसाला कसे हलवावे, वाहणाऱ्या जखमेवर किती जोराने आणि किती वेळ दाब द्यावा, हे तिच्यातील कितीजणांना कोणी कधी शिकवले होते? हाताला काम ठाऊक नसले की तो खिशातल्या यंत्राकडे वळतो.

मदतकर्त्यांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा करणारे कर्नाटक हे देशातील पहिले राज्य ठरले. त्याला राष्ट्रपतींची संमती २०१८ मध्ये मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि हे संरक्षण देशभर लागू झाले. दुसरीकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना काढून पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत प्रत्येकी २०० स्वयंसेवक तयार करायला घेतले. पुढे हा संकल्प ३५० जिल्ह्यांत एक लाखापर्यंत वाढवला गेला. कोल्हापूरच्या ‘व्हाईट आर्मी’सारखी पथके आणि लोणावळा-खोपोलीकडील गिर्यारोहकांचे गट सरकारी योजनेची वाट न पाहता आधीपासूनच हे काम करत आले होते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. मुसळधार पाऊस, निसरडी चढण आणि तास-दीड तासाची पायपीट. यंत्रे वर नेणे अशक्य असल्याने कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. अंधारातच जे वर चढले त्यांत आसपासचे गावकरी होते, गिर्यारोहक होते, आणि नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे जवानही होते. त्यांतील एका अधिकाऱ्याला चढतानाच हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचा मृत्यू झाला. कर्तव्यावर असताना अग्निशमन जवान दगावण्याचे एक फार मोठे कारण ज्वाळा नसून हृदय असते, हे अमेरिकेतील नोंदींनी पूर्वीच दाखवले होते. २७ मृतदेह हाती लागले, अर्धशतकाहून अधिक माणसे बेपत्ता राहिली, आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. त्या चारही दिवसांत वर न्यायचे ते पाणी, अन्न, औषधे आणि खाली आणायचे ते जखमी, सारे त्याच पायवाटेने, माणसांच्या खांद्यांवरून गेले.